नारळाची ढेप

वर्ध्याच्या माणसाला आहारावर भाषण देण्याचा हक्क जन्मतःच मिळतो, अशी माझी पक्की समजूत आहे. एका अंगाला सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला पवनार. नागपूरचा माणूस तर्री-पोहे खातो तेव्हा तो नुसते तर्री-पोहे खातो. वर्ध्याचा माणूस ते बापूंच्या डोळ्यांदेखत खातो. त्यामुळे निवृत्तीनंतर नारळाच्या पिठाच्या, मैदा नसलेल्या, साखर नसलेल्या कुकीज घरी करायचं मी ठरवलं, तेव्हा आपण ओव्हन विकत घेतोय असं मला वाटलंच नाही. आपण वारसा चालवतोय असं वाटलं.

वारसा आहेच म्हणा. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत बसला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पा तिथे, आणि सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला जाण्याआधी खुद्द गांधीजीही तिथे. हातसडीचा तांदूळ, न चाळलेली कणीक, घाणीचं तेल, गूळ. १९३५ मध्ये मगनवाडीच्या पंगतीत सोयाबीनचे प्रयोग झाले. कडुनिंबाच्या पाल्याची चटणी पाहुण्यांच्या पानातही पडे. सरोजिनी नायडू या आश्रमी जेवणाची तोंडावर थट्टा करत. मी भाषणात नेहमी बापूंच्या बाजूनं असतो आणि पानावर बसलो की सरोजिनीबाईंच्या.

आता त्या सोयाबीनचंच बघा. आज पावसाळ्यात जिल्हाभर हिरवंगार सोयाबीन उभं असतं आणि आमच्या घरात त्याचा एक दाणा शिजत नाही. २०२४ च्या हंगामात त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात तेवढाही मिळत नाही म्हणून शेतकरी रडत होता. म्हणजे किलोला पन्नासही नाहीत. त्याच सुमारास मी त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून तामिळनाडूतल्या पोल्लाचीहून नारळाचं पीठ मागवत होतो, तेही दोन पाकिटांवर सूट म्हणून दोन. कुमारप्पा काही बोलले नसते. नुसतं बघितलं असतं तरी पुरे होतं.

पीठ दिसायला देखणं. पांढरं, हलकं, वासाला गोड. पण हा पाहुणा पाणी फार पितो. नारळाच्या पिठात शंभर ग्रॅममागे तीस ग्रॅमच्या वर तंतू असतात, आणि कणकेला धरून ठेवणारा चिकटपणा अजिबात नसतो. म्हणून एक वाटी कणकेच्या जागी ते जेमतेम पाव वाटी घ्यायचं आणि वर अंडी घालायची, असा त्याचा शिरस्ता. आमच्या स्वयंपाकघरात आईच्या हयातीत अंडं येणं शक्य नाही. आणि पाव वाटीनं माझ्या उत्साहाचं काय होणार? मी वाटीला वाटी घातलं. त्या पिठानं लोणी प्यायलं, दूध प्यायलं, ओट्यावर सांडलेलंही टिपलं, आणि ओव्हनमधून जे बाहेर आलं ते धाम नदीच्या पात्रात उन्हाळ्यात मुबलक असतं.

बुडत्याला जवसाचा आधार. भिजवलेला जवस वाटला की अंड्यासारखा बुळबुळीत, चिकट होतो आणि सगळं धरून ठेवतो. ज्याची चटणी आम्ही भाकरीसोबत पिढ्यान्‌पिढ्या खात आलो, त्यानंच अखेर पोल्लाचीकडच्या नारळाला वळण लावलं. कुकीज जमल्या. गोल, पिवळसर, कडेला तांबूस. मी त्यांचा फोटो काढला, नंतर उजेड बदलून पुन्हा काढला, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून खाली 'शुगर फ्री' असं लिहिलं. त्यात गूळ होता. पण गूळ म्हणजे साखर नव्हे, यावर ग्रुपवर एकमत आहे. पोटात गेल्यावर गुळाला ते आठवत नाही, एवढंच.

आईनं एक हातात घेतली, मोडली, हुंगली.

"हे त ढेप होय रे बाप्पा."

मी तिला समजावून सांगितलं, की नारळाचं दूध काढून घेतात, मग जो चोथा उरतो तो वाळवतात आणि बारीक दळतात.

"हो मंग. ढेपच."

ज्या बाईनं आयुष्याची तीस वर्षं गाईला सरकीची ढेप भिजवून घातली, तिच्याशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बिस्किटातलंही तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आमच्या लहानपणी बिस्किटं दुकानातून येत नसत, बेकरीतून 'करून' येत. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की घरोघरी तयारी. कणीक, पिठीसाखर, डालडा, आणि ज्यांच्या घरी दुभतं त्यांच्याकडून तूप. शिवाय वेलची, दूध. सगळं पिशव्यांत भरून, तेलाचा रिकामा डबा घासूनपुसून, उन्हात वाळवून बेकरीत न्यायचं. सोडा आणि अमोनिया बेकरीवाल्याचा. मजुरी किलोमागे. नंबर रात्री लागायचा, कारण दिवसा पावाची भट्टी. बाहेर हवा तापलेली, आत भट्टी धगधगलेली, आणि त्यात घामानं निथळणारे आम्ही कच्च्या पिठाच्या एका गोळीसाठी ताटकळत उभे. कारागीर पीठ मळायचा तो कोपरापर्यंत हात घालून. काळ्या पत्र्याच्या ट्रेवर पटापट बिस्किटं पडायची, लांब दांड्याच्या उलथन्यानं ट्रे आत, घटकाभरात बाहेर, आणि अमोनियाचा पहिला भपका नाकात गेला की डोळ्यांतून पाणी. तो वास विरल्यावर मागून वेलची यायची. तेवढ्यासाठी जन्म घ्यावा.

आणि या सगळ्यात आई भट्टीशेजारी पोतं अंथरून बसलेली असायची. कारण अख्ख्या वर्ध्याला खात्री होती, की बेकरीवाला आपलं तूप काढून घेतो आणि डालडा ढकलतो. कुणी कधी पकडलं नाही. पण पहारा चुकला नाही. आमचं पीठ दुसऱ्याच्या पिठात मिसळू नये म्हणून ती ट्रे मोजायची. डबा गरम असतानाच घरी आणायची आणि गार होईपर्यंत झाकण लावू द्यायची नाही, नाहीतर बिस्किटं सादळतात. मग तो डबा फडताळावर. रोज चहाबरोबर दोन मिळायची, आणि दोन म्हणजे दोनच. तिनं स्वतः कधी सबंध खाल्लेलं मला आठवत नाही. तिच्या बशीत डब्याच्या तळाचा चुरा असायचा.

आईला शुगर निघाल्यापासून आमच्या घरात पहारा माझ्याकडे आहे. आंबा आला की मी फोडी मोजतो. लग्नाच्या पंगतीत तिच्या पानाशेजारी बसून वाढप्याला हातानं खुणा करतो. तिनं काय खाल्लं हे मी चार माणसांत मोठ्यानं सांगतो, तेही तिच्यासमोर, आणि लोक माझं कौतुक करतात: किती काळजी घेतो हो आईची! या वयाच्या बाईला दुसऱ्यांच्या दारात तोंड मिटून बसावं लागतं, याबद्दल कुणी तिला विचारत नाही. मला त्या लोकांचा राग येतो. माझा अजून पुरता येत नाही, कौतुक आवडतं.

"तुले गोरसपाक माहीत नाही का?" आई म्हणाली. "थो आन. अर्धा खाईन."

गोरस भांडाराचा गोरसपाक म्हणजे गाईचं तूप आणि कणीक. वर्ध्याहून जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत त्याचं एक पाकीट असतंच. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने गोसेवेला दिले, त्या वातावरणातून आलेली ही चीज. गोरसपाक जिल्ह्याच्या नाकासमोर असताना मी नारळाच्या मागे लागलो होतो.

"तूप आहे त्यात, साखर आहे," मी म्हणालो.

"डॉक्टरांनी अर्धा चालेल म्हटलंय," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज. "पोळी अर्धी कमी करून. तुम्ही होता की तिथे. 'अजिबात नाही' हे तुमचं आहे."

तर गोरसपाक आला. आई संध्याकाळी अर्धा खाते आणि उरलेला अर्धा माझ्यासमोर कागदात बांधते, मुद्दाम सावकाश. माझ्या कुकीज ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना देते. "घ्या जी, माह्या पोरानं केल्या, शुगरवाल्यांसाठी." पाहुणे एक घेतात, पाणी मागतात.

नारळाच्या पिठाचं दुसरं पाकीट बायकोनं ताब्यात घेतलं. परवा पाटोडीच्या रश्श्याला दाटपणा नव्हता, तर तिनं दोन चमचे त्यात सोडलं. आमच्या मसाल्यात सुकं खोबरं असतंच, त्यात हे सहज सामावलं. रस्सा असा काही जमला, की आईनं पुन्हा वाढून घेतला.

"यात तंतू भरपूर आहेत बरं का," मी जाहीर केलं.

"जेवू दे ना बावा," आई म्हणाली.