लोकल बिअरचा हिशेब

२००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झालं आणि ताजी बिअर समोरच्या टाकीतून थेट ग्लासात उतरते, हे महाराष्ट्राला कळलं. यवतमाळला ते कळायला माझा भाचा पुण्याहून यावा लागला. “मामा, इथल्याच मालाची बिअर काढू. सगळं लोकल!” त्याने लॅपटॉप उघडला. बाजूला आमचे जुने सालदार पान लावत बसले होते. त्यांनी माल मोजायला घेतला.

बार्लीचं माल्ट राजस्थान-हरियाणाचं. कडूपणा देणारे हॉप्स बहुतेक सातासमुद्रापलीकडचे. “मग ज्वारीची करू, आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या करतात,” भाचा म्हणाला. करत असतील, पण आमच्या वावरांतली ज्वारी कपाशी-सोयाबीनने कधीच हुसकावली, आणि उरलीसुरली रानडुकरं आपल्याआधी सोंगून नेतात.

“सरकीची नाई होत का?” सालदारांनी मनापासून विचारलं.

राहिलं पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं. पण २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणं आटली, तेव्हा अख्खं यवतमाळ ड्रम घेऊन टँकरची वाट पाहत होतं. एका लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी खर्ची पडतं, हे ऐकून सालदारांनी सुपारी कातरायची थांबवली. “टाकाचं लय अन् निंगाचं कमी? हे तं आपल्या कापसावानीच झालं, बापू.”

मोह मात्र अस्सल इथला. झरी, मारेगाव, पांढरकवड्याकडे गोंड-कोलामांच्या पिढ्यांनी तो वेचला. २०२१ साली सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची, नेण्या-आणण्यावरची बंधनं उठवली. आता फुलं वेचा, वाळवा, लाडू वळा. गाळली, की पोलीस हजर. थोडक्यात, फूल सुटलं, रस अजून आत आहे.

“गिऱ्हाईक तरी लोकल मिळेल ना?” भाच्याचा धीर सुटत चालला. तेही सांगता येत नाही. पलीकडच्या वर्ध्यात दारूबंदी आहेच. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. ती सहा वर्षं आमच्या वणीने शेजारधर्म असा काही पाळला, की नदीवरच्या पुलाला तहान म्हणजे काय ते कळलं.

“म्हणजे लोकल काहीच नाही?”

“आहे ना,” स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला. “आडवी बाटली.”

पुणेकराला ती माहीत नव्हती. दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावरच्या मतदानात एक चित्र उभ्या बाटलीचं, दुसरं आडवीचं. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीला कौल दिला, की दुकानाला कुलूप. दारूबंदीसाठी मोर्चे काढून आमच्या जिल्ह्यातल्या बायांचा हात या कामी चांगलाच बसलेला.

मामी बाहेर आली ती वॉर्डाची मतदारयादी घेऊनच. अर्ध्या नावांवर खुणा आधीच झाल्या होत्या. भाच्याने लॅपटॉप मिटला आणि मामीने चहा टाकला. दूध शेजारच्या गोठ्यातलं होतं.