मध्ये कोणीतरी आहे

आमच्या गावच्या सासनकाठीबरोबर जोतिबाला जाणाऱ्यांची यादी कुणी चोरून वाचेल, अशी भीती गावात कुणालाही नव्हती. तात्यांकडे दोनशे पानी वही होती, वहीला दोरीने बांधलेलं पेन होतं, आणि वर्गणी किती, जेवायला माणसं किती, टेम्पोत कोण नि पायी कोण, हे सगळं त्या वहीत मावत होतं. पण मी पडलो हिंजवडीतला मोबाईल ॲपवाला. गावात माझी ओळख ‘पोरगं कंप्युटरात आहे’ एवढीच, आणि त्या ओळखीवर मी आजवर लोकांचे प्रिंटर दुरुस्त केले होते आणि सातबारे काढून दिले होते. म्हटलं, एकदा या लोकांना दाखवूनच देऊ.

ॲपचं नाव ठेवलं ‘चांगभलं’. वर्गणी, फोन नंबर, जेवणाची माणसं, डोंगरावर कोण कुणाच्या घरी उतरलंय, सगळं त्यात. आता ॲप म्हटलं की सर्व्हर आला, आणि सर्व्हरशी उघड्यावर बोलायचे दिवस गेले. २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ पासून तर साधं, कूटबद्ध नसलेलं बोलणं फोन स्वतःच अडवतो. ॲपच्या मॅनिफेस्ट नावाच्या फाईलमध्ये एक ओळ लिहून ही बंदी उठवता येते. चारचौघांनी ती ओळ लिहिली असती आणि घरी जाऊन जेवले असते. मी टीएलएस लावायला बसलो. यात सर्व्हर आधी आपलं प्रमाणपत्र दाखवतो, ते फोनला पटलं की दोघांत एक गुप्त किल्ली ठरते, आणि मग मधल्या माणसाला नुसता कचरा दिसतो. प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून फुकट मिळतं, नव्वद दिवसांचं. तात्या म्हणाले, “काय करायचं ते पुनवेच्या आत कर.” म्हणून माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी ते घेतलं. हा मुहूर्त लक्षात ठेवा.

लॅपटॉपवर पत्ता उघडला, कुलूप दिसलं, छाती फुगली. फोनवर ॲप उघडलं तर आत लाल अक्षरांत एक लांबलचक ओळ: ट्रस्ट अँकर सापडत नाही. लॅपटॉपला पटतंय आणि फोनला पटत नाही, म्हणजे फोनच बिघडलाय, असा निष्कर्ष काढून मी दोन मित्रांचे फोन मागून आणले. तेही बिघडलेले निघाले.

अशा वेळी शोधल्यावर जे उत्तर सगळ्यात आधी हाती लागतं, तेच मलाही लागलं. ‘ट्रस्ट मॅनेजर’ नावाचा एक वर्ग आपण स्वतः लिहायचा, त्यात ‘चेक सर्व्हर ट्रस्टेड’ नावाचं फंक्शन ठेवायचं, आणि त्याच्या दोन महिरपी कंसांमध्ये काहीही लिहायचं नाही. नाव तपासणीचं, आत मोकळं मैदान. कुणीही यावं, काहीही दाखवावं, फोन म्हणणार ‘या, बसा’. हा उद्योग करणारा मी पहिला नव्हे, एवढाच दिलासा. २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी साडेतेरा हजार फुकट अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा १,०७४ ॲपांच्या टीएलएसच्या कोडात अशी भगदाडं पडू शकतील असं दिसलं. २०१६ पासून तर प्ले स्टोअर असली ॲप दारातच अडवू लागलं. पण माझं ॲप कुठे प्ले स्टोअरवर जाणार होतं? ते व्हॉट्सॲपवरून फिरणार. मी ते रिकामे कंस चिकटवले, ॲप चालू लागलं, आणि ऑफिसात चहा सांगितला.

चहाला आमच्या टीममधली ज्युनिअरही होती. तिने विचारलं, “सर, बघू?” मी मोठ्या मनाने फोन दिला. तिने वायफायच्या सेटिंगमध्ये काहीतरी केलं, स्वतःचा लॅपटॉप मध्ये प्रॉक्सी म्हणून बसवला, त्या लॅपटॉपने घरचंच बनवलेलं खोटं प्रमाणपत्र माझ्या ॲपला दाखवलं आणि ॲपने ते आनंदाने घेतलं. मग ती स्क्रीनवरून मोठ्याने वाचू लागली. आत्याचा फोन नंबर. पाटलांच्या घरची माणसं, लहान मुलं धरून. मग थांबून म्हणाली, “सर, हे तात्या कोण? खजिनदार आहेत ना? यांनी स्वतःची वर्गणी अजून भरलेली नाही.”

माझ्या हातातल्या बिस्किटाचा भिजलेला तुकडा कपात पडला.

खरा घोळ काय होता ते तिने दोन मिनिटांत सांगितलं. पण मला ते समजलं ते जोतिबाच्या हिशेबाने. डोंगरावर, म्हणजे वाडी रत्नागिरीत, पुजारी गुरव. आमच्या गावच्या लोकांनी उतरायचं घर पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. कॉलेजात असताना मी एकदा एकटाच गेलो होतो. दारात गुरवकाकांनी विचारलं, “कुणाचा तू?” मी माझं नाव सांगितलं, आणि पुण्याला शिकतो हेही. ते ढिम्म. आजोबांना ते चांगले ओळखत होते, पण मी त्या आजोबांचाच हे पटवणारं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं, मी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात आतून त्यांची म्हातारी आई म्हणाली, “आरं, ह्यो थोरल्याचा न्हवं का? नाक बघ की!” झालं, ताट वाढलं. सर्व्हरचंही असंच. फोनच्या पोटात मूळ विश्वासू संस्थांची यादी असते, माझ्या प्रमाणपत्रावर मधल्या संस्थेची सही असते, आणि ते मधलं प्रमाणपत्र सर्व्हरने स्वतः सादर करायचं असतं. मी सर्व्हरला ‘फुलचेन’ नावाच्या फाईलऐवजी नुसती ‘सर्ट’ नावाची फाईल दिली होती. लॅपटॉपवरचा ब्राउझर त्या म्हातारीसारखा, मधलं नाव आठवणीतून भरून काढणारा. अँड्रॉइड म्हणजे गुरवकाका. फाईलचं नाव बदललं, रिकामे कंस पुसले, ॲप सरळ चाललं.

इथे थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण ज्युनिअरने आख्ख्या टीमसमोर तात्यांची थकबाकी वाचली होती, आणि आता मला नुसतं सुरक्षित ॲप नको होतं, अभेद्य हवं होतं. मी वाचायला बसलो आणि जे वाचलं त्याने झोप उडाली. हे सगळं प्रमाणपत्रं देणाऱ्यांच्या इमानावर चालतं. २०१४ साली आपल्याच एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अधिकारातून गुगलच्या काही पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली होती. गुगलच्या ते लक्षात आलं, सरकारी नियंत्रकांनी एनआयसीची मधली प्रमाणपत्रं रद्द केली. विंडोजच्या यादीत भारताचं मूळ प्रमाणपत्र होतं, अँड्रॉइडच्या यादीत नव्हतंच, म्हणून फोन वाचले. मी म्हटलं, गुगलच्या नावाने जर खोटं प्रमाणपत्र निघतं, तर उद्या ‘चांगभलं’च्या नावाने निघायला किती वेळ?

यावर उपाय म्हणजे पिनिंग. ॲपमध्येच लिहून ठेवायचं, की अमुक एका किल्लीचं प्रमाणपत्र असेल तरच बोल, बाकी साक्षात ब्रह्मदेवाने सही केली तरी तोंड फिरव. अँड्रॉइडच्या मार्गदर्शिकेत ‘हे करू नका’ असं स्पष्ट लिहिलंय. करणारच असाल तर एक जादा पिन ठेवा, मुदत घाला, असंही लिहिलंय. इतकी सावधगिरी भित्र्या लोकांसाठी असते. मी एकच पिन घातली. शिवाय किल्ली जुळली नाही तर दिसावा म्हणून स्वतःच्या हाताने, शुद्ध मराठीत, लाल पट्टीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत एक संदेश लिहिला: ‘सावधान! तुमच्या आणि मंडळाच्या मध्ये कोणीतरी आहे!’ दोन उद्गारचिन्हं. ॲप सगळ्या गावात वाटलं.

आता मुहूर्ताचा हिशेब. नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र तीस दिवस उरले की आपोआप नवं होतं, म्हणजे घेतल्यापासून साठाव्या दिवशी. नवं होताना किल्लीही नवी येते. माघी पौर्णिमा ते चैत्री पौर्णिमा दोन चांद्रमास, म्हणजे एकोणसाठ दिवस. मी घेतलं होतं आदल्या दिवशी. म्हणजे जोतिबाच्या मुख्य यात्रेच्या दिवशीच सर्व्हरची किल्ली बदलणार, हे पंचांगात बघून ठरवल्यासारखं ठरलेलं होतं. एवढा अचूक मुहूर्त आमच्या लग्नालाही लागला नव्हता.

चैत्र पौर्णिमेला डोंगर कसा असतो ते गेलेल्यालाच कळेल. डोंगर दिसतच नाही, गुलाल दिसतो. पाडळीची, विह्याची, अशा मानाच्या काठ्या पुढे. उंच कळकाच्या काठीला कापडाचे पट्टे गुंडाळलेले, चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरलेली माणसं, आणि खाली ती काठी पोटाशी तोलून नाचवणारा गडी. वरून खोबऱ्याच्या वाट्या आणि दवणा. आमची काठी देवळाच्या आवारात पोचली आणि जेवणाच्या माणसांचा आकडा बघायला मंडळाच्या पोरांनी खिशातून फोन काढले.

लाल पट्टी. सगळ्यांच्या फोनवर, एकदम.

“मधी कोन हाय?” एकाने मोठ्याने वाचून विचारलं, आणि शेजारच्याने खरोखर मागे वळून बघितलं. गर्दी अशी की प्रत्येकाच्या मध्ये कोणीतरी होतंच. मग संशय खालच्या गल्लीवर गेला. त्यांनी काठीच्या दोरीच्या मानावरून मंडळ फोडलं होतं, आणि त्यांचा एक पोरगा डिप्लोमा करतो. “त्योच शिरलाय मधी!” दोघेजण बाह्या सरसावून त्याला शोधायला निघाले. आत्या म्हणाली, “मी कवाच म्हणालो हुतो, मोबाईलमधी पैशाचं कायबी टाकू नगा. माझं कुणी ऐकंना.” तात्या काहीच बोलले नाहीत, फक्त पिशवीवरून हात फिरवला. पिशवीत वही होती.

नवं ॲप बनवून सगळ्यांना पाठवायचं तर डोंगरावर लाखो माणसं एकाच वेळी घरच्यांना व्हिडिओवर पालखी दाखवत होती. नेटवर्कची काडी यायची आणि जायची. राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलेल्या देवळाच्या दगडी भिंतीला मी पाठ लावली, फोन डोक्यावर धरला. फोन उघडेना. अंगठ्यावर गुलाल, पडद्यावर गुलाल. सदऱ्याला पुसलं तर सदराही गुलालच. शेवटी कुणीतरी ओतलेल्या तांब्याभर पाण्यात बोट धुतलं, तर फोन उघडला आणि पडद्यावर लाल चिखल झाला.

फोन लागत नव्हता, पण एसएमएस जात होता. मी ज्युनिअरला लिहिलं, पिनचा घोळ, नवी किल्ली, काय करू? उत्तर आलं, “सर, जुनं सर्टिफिकेट अजून तीस दिवस चालतं. सर्व्हरवर आर्काइव्ह फोल्डरमध्ये जुनी किल्लीपण असेल. तीच परत लावा, ॲप बदलायची गरज नाही. लॉगिन द्या, मी करते.”

आणि मी सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड, तिन्ही एकाखाली एक, साध्या एसएमएसमध्ये टाइप करून पाठवले. ज्याला एसएमएस म्हणतात, जो वाटेत कूटबद्ध राहील याची कुणी हमी देत नाही, तोच. तिचं उत्तर आलं, “लावलं. पासवर्डपण बदललाय. का ते उद्या सांगते.”

लाल पट्ट्या गेल्या. खालच्या गल्लीच्या पोराला शोधायला गेलेले दोघे त्याच्याच खांद्यावर हात टाकून उसाचा रस पिऊन परत आले. फक्त तात्यांचा फोन ऐकेना. त्याची बॅटरी कधीतरी उतरली होती, पुन्हा चालू झाला तेव्हा नेटवर्क नव्हतं, म्हणून तो २०१५ सालच्या एक जानेवारीवर जाऊन बसला होता, आणि त्या सालातल्या फोनला आमचं प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं दिसत होतं. तारीख हाताने घालायला घेतली, तोवर माझाही फोन बंद पडला. “आज तारीख काय?” मी आजूबाजूला विचारलं. “चैत्र पुनव,” चारपाच जण एका सुरात म्हणाले. इंग्रजी तारीख कुणालाच आठवेना, आणि फोनला तिथी कळत नाही.

तोफ झाली, पालखी यमाईच्या देवळाकडे निघाली, आणि ॲपवाचून आमचं काही अडत नव्हतं हे उघड झालं. जेवणं तर कधीच झाली होती. गुरवकाकांच्या अंगणात तात्यांनी वहीतली नावं वाचून पंगती बसवल्या होत्या.

रात्री गावात परतलो तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. तात्यांनी नातवाकडून टाकून घेतला होता. वहीचं वर्गणीचं पान, नावं, फोन नंबर, आकडे, सगळं ठळक. दहा मिनिटांत तो भावकीच्या ग्रुपवर होता, मग मुंबईकरांच्या. मी मुकाट्याने ज्युनिअरला पाठवला. ती म्हणाली, “व्हॉट्सॲप २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, सर. वाटेत तरी कुणी वाचणार नाही.”

आत्याचा त्यावर ग्रुपवर ऑडिओ आला, की मी एकशेएक दिलो, इथं एक्कावन्न का लिवलंय? त्या भांडणात फोटो मोठा करून बघताना मला दिसलं. पानाचा कोपरा धरणारा गुलालाने माखलेला अंगठा बरोबर एका ओळीवर होता. तात्यांच्या.