लागलंच तर

लेन्सरावांना ‘बॅगेत काय आहे?’ असं कधी विचारू नये. ते दाखवतात.

आधी बाहेर येते ती निकॉनची ६०० मिलिमीटर, एफ-४ लेन्स. वजन ३.८ किलो. नवजात नातवाची मान सावरावी तसा तिच्याखाली हात धरून लेन्सराव ती टीपॉयवर ठेवतात आणि चहाचे कप आपोआप बाजूला सरकतात. मग कॅमेऱ्याची बॉडी. मग ती बिघडली तर असावी म्हणून दुसरी बॉडी. पक्षी अगदीच जवळ येऊन बसला तर ७०-२००, सूर्योदय बरा झाला तर वाइड, एखादा किडा दिसलाच तर मॅक्रो. लेन्सरावांच्या पाठीवरचं निम्मं वजन हे असं अजून न घडलेल्या गोष्टींचं असतं.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. पक्ष्यांबद्दल ते फार बोलत नाहीत. बोलतात ते वजन कसं वाहावं याबद्दल. आणि त्यांचं शास्त्र अगदी चोख असतं, हीच पंचाईत आहे. वजन खांद्यांवर घ्यायचं नाही, कमरेच्या हाडावर घ्यायचं. आधी कमरपट्टा आवळायचा, मग खांद्याचे पट्टे. जड लेन्स पाठीला लागून ठेवायची. लांब गेली की बॅग मागे ओढते. मोठी लेन्स लावलेली असताना गळ्यातला पट्टा कॅमेऱ्याला अडकवायचा नाही, लेन्सच्या कॉलरला अडकवायचा. नाहीतर सगळा ताण माउंटवर येतो. यातलं एक अक्षर खोटं नाही. फक्त कमरपट्टा बसायला आधी कंबर सापडावी लागते. लेन्सरावांचा पट्टा पोटाच्या वर बांधला तर खाली घसरतो आणि खाली बांधला तर खालीच राहतो. मग सगळं वजन मुकाट्याने खांद्यांवर येतं आणि लेन्सराव नवी बॅग बघायला लागतात.

बॅगा हा त्यांचा खरा संग्रह. प्रत्येक बॅग आणताना ‘हिच्यात वजन जाणवतच नाही’ हे वाक्य असतं. दुकानात ते खरंही असतं, कारण तिथे ती रिकामी असते. म्हणजे नुसती तिची तीन किलो. यथावकाश ती माळ्यावर जाते. एकीत वहिनी कांदे ठेवतात. हवा खेळती राहते म्हणे.

थंडीत एकदा त्यांच्याबरोबर भिगवणला जावं. उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी, कुंभारगावचा काठ आणि पलीकडे उथळ पाण्यात माना खाली घालून चरणारे रोहित. गाडीतून सगळ्यात आधी उतरतो तो ट्रायपॉड आणि त्यावरचं भलंथोरलं गिंबल हेड. नाव डुलते, तिच्याबरोबर ट्रायपॉडही डुलतो, म्हणून नावेत त्याचा काडीचा उपयोग नाही; हे लेन्सरावांना दर वर्षी नाव काठापासून सुटल्यावर आठवतं. बॅग गाडीपासून पाण्यापर्यंत नेतो तो नावाडी. एका खांद्यावर टाकून, कमरपट्टा लोंबकळत. मागून हात हलवत येणारे लेन्सराव त्याला बजावत असतात, “अरे, पट्टा लाव, पाठ धरेल!” तो हसतो आणि बॅग ठेवून एवढंच म्हणतो, “सायेब, तुमी जरा मधी सरका. नाव कलतीय.”

ताडोबाची तयारी विमानतळापासून सुरू होते. केबिनमध्ये सात किलोच सामान नेता येतं. लेन्सरावांकडे त्यासाठी भरपूर खिशांचं जॅकेट आहे. एका खिशात बॉडी, दुसऱ्यात ७०-२००, बाकीच्यांत चार्जर नि बॅटऱ्या. बॅगेचं वजन होतं, माणसाचं होत नाही. काउंटरपुढे ते अतिशय ताठ उभे असतात. वाकले तर उठता येणार नाही. जिप्सीच्या कठड्यावर लेन्स टेकवायला बीनबॅग लागते. ती रिकामी न्यायची आणि तिथल्या दुकानातून तांदूळ घेऊन भरायची, हे ते सगळ्यांना सांगतात. स्वतः मात्र घरूनच गव्हाने भरून नेतात. तिथे तांदूळ मिळालाच नाही तर? चंद्रपूर जिल्ह्यात! तो गहू वाघ न बघता बऱ्याचदा ताडोबाला जाऊन आला. शेवटी वहिनींनी दळायला टाकला.

भाच्याला दया आली. त्याने ५०० मिलिमीटरची ‘पीएफ’ लेन्स सुचवली. फ्रेनेल प्रकारचं भिंग असल्यामुळे आखूड आणि वजन अवघं १.४६ किलो. हातात धरून दिवसभर फोटो काढा, ट्रायपॉड घरी राहू द्या. लेन्सरावांना ते पटलं. त्यांनी लेन्स घेतली, बॅगेत ठेवली आणि सव्वादोन किलोंहून जास्त वाचल्याच्या आनंदात चार दिवस काढले. पाचव्या दिवशी बॅगेतली मोकळी जागा त्यांना बघवेना. तिथे आधी थर्मास गेला. मग हलका म्हणून मिररलेस कॅमेरा आला आणि त्याची बॅटरी लवकर उतरते म्हणून मागोमाग अर्धा डझन बॅटऱ्या आल्या. सगळं नीट बसल्यावर त्यांनी ६०० ची लेन्सही वर कोंबली. पाचशेची पोचली नाही तर?

अखेर व्हायचं ते झालं. पाठ धरली. फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना पालथं झोपवलं, मणका न् मणका दाबून पाहिला आणि म्हणाली, “काका, तीन महिने पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही.”

लेन्सराव बराच वेळ गप्प होते. मग उशीत तोंड तसंच ठेवून त्यांनी विचारलं, “बॅगेसकट, की बॅग सोडून?”