सर कुठपर्यंत खेळले?

मुलाला कोचिंगला घालायचं म्हटलं की आईबापांचा पहिला प्रश्न हा. दुसरा सर्टिफिकेटचा, तिसरा फीचा, आणि चौकशी तिथेच आटोपते. माझं स्पष्ट म्हणणं आहे की पहिला प्रश्न बिनकामाचा आहे, दुसरा अर्धाच कामाचा आहे, आणि जो खरा विचारायचा तो तोंडावर येतच नाही.

कोणी शिकवावं आणि कसं, हा वाद सगळ्यात कडवा चालतो तो गोल्फमध्ये. आपल्या सरावलीत गोल्फ कोर्स नाही. पण गोल्फमध्ये काय काय घडलं ते कळलं, तर भातकापणीनंतर आपल्या शेतांत रंगणाऱ्या क्रिकेटबद्दलही पुष्कळ कळतं. गोल्फचा स्विंग दोन सेकंदांच्या आत संपतो. चेंडू जागेवर पडलेला असतो, समोर गोलंदाज नसतो. तरी एवढीशी हालचाल कशी शिकवायची यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालू आहेत. 1969 मध्ये होमर केलीने स्विंगचे 24 भाग पाडून एक पुस्तक काढलं. हा केली बोइंग या विमान कंपनीत काम केलेला माणूस, गोल्फचा व्यावसायिक नव्हे. त्याच्या पद्धतीत तयार झालेला बॉबी क्लॅम्पेट 1982 च्या ब्रिटिश ओपनमध्ये दोन दिवस सगळ्यांच्या पुढे होता. पुढच्या दोन दिवसांत 78 आणि 77 फटके लागले आणि तो मागे पडला. झालं, पद्धतच खोटी ठरली! मग पहिल्या दोन दिवसांचे 67 आणि 66 कोणाच्या खात्यावर मांडायचे? एका खेळाडूच्या एका आठवड्यावरून शिकवण्याची अख्खी रीत पास किंवा नापास करणारी माणसं आपल्याकडेही गल्लोगल्ली आहेत.

आता सर्टिफिकेटच्या कागदवाल्यांकडे येऊ. मारलेला चेंडू कुठल्या दिशेने सुटतो? कित्येक दशकं शिकवलं गेलं की क्लब, म्हणजे गोल्फची काठी, ज्या वाटेने येतो त्या दिशेने तो सुटतो आणि पुढे जाऊन क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे वळतो. अमेरिकेत व्यावसायिक शिक्षक घडवणाऱ्या पुस्तकांतही हेच होतं. कॉकरन आणि स्टॉब्ज यांनी 1968 मध्येच ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या पुस्तकात प्रयोगांच्या आधारे याच्या उलट मांडलं होतं, पण शिकवणाऱ्यांच्या जगाने ते मनावर घेतलं नाही. त्यासाठी रडार यावं लागलं. 2003 साली स्थापन झालेल्या डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीच्या यंत्रांनी उडत्या चेंडूचं मोजमाप समोर ठेवलं आणि दिसलं की सुटण्याची दिशा मुख्यतः क्लबचं तोंडच ठरवतं. म्हणजे मधली तीस-पस्तीस वर्षं परीक्षेत चुकीचं उत्तर हेच बरोबर उत्तर होतं. चेंडू भलतीकडे जातो म्हणून विद्यार्थी तक्रार करायचा, सर त्याला हात आणायची वाट बदलायला लावायचे, चेंडू आणखी भलतीकडे जायचा आणि ठपका विद्यार्थ्यावर यायचा. याचा मला राग येतो. सर्टिफिकेट मिळाल्यावर शिकणं थांबवणारा शिक्षक स्वतःची चूक वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या अंगावर ढकलत राहतो.

आणि मोठा खेळाडूच चांगला शिकवतो ही समजूत? डेव्हिड लेडबेटरचं खेळाडू म्हणून कधी नाव झालं नाही. निक फाल्डो 1985 मध्ये त्याच्याकडे गेला, जमलेला स्विंग मोडून नवा बांधायला दोन वर्षं घालवली आणि 1987 ची ब्रिटिश ओपन जिंकला. पण एवढ्या लांब कशाला जायचं? रमाकांत आचरेकर प्रथम दर्जाचा सामना खेळले तो एकच. ‘सर कुठपर्यंत खेळले’ या चाळणीतून आचरेकर खाली पडले असते! त्यांची रीत बघा. लांबलचक भाषणं नाहीत; स्कूटरवर मागे बसवून सचिनला ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, म्हणजे पोराला जास्तीत जास्त वेळा सामन्यात फलंदाजी मिळावी. सचिन बॅटचा दांडा फार खाली धरायचा. पुस्तकात असं चालत नाही. तरीही ती पकड कायम राहिली आणि त्याच पकडीने तो शंभर आंतरराष्ट्रीय शतकांपर्यंत गेला.

अमेरिकेत जिम फ्युरिकचंही असंच. त्याचा स्विंग इतका वेडावाकडा की बघणारा दचकतो. त्याचा एकमेव शिक्षक म्हणजे त्याचा बाप. बाप स्वतः क्लबातला व्यावसायिक गोल्फर, सगळं शास्त्र जाणणारा, पण मुलाचा स्विंग तो सरळ करत बसला नाही. फ्युरिकने 2003 मध्ये यूएस ओपन जिंकली, 2016 मध्ये एका फेरीत 58 फटक्यांचा विक्रम केला. कुठे हात लावायचा नाही हे कळणं ही शिक्षकाची सगळ्यात अवघड विद्या आहे, आणि ती तपासणारा पेपर अजून निघालेला नाही.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण शार्दुल ठाकूरचं. हा पालघरचा मुलगा शाळकरी वयात क्रिकेटसाठी मुंबईकडे जायचा तेव्हा विरारच्या पुढे लोकल येत नव्हती. डहाणू रोडपर्यंत ती आली 2013 मध्ये. बोरिवलीच्या शाळेतले दिनेश लाड यांनी पोराचा खेळ पाहिला, त्याला आपल्या शाळेत आणलं आणि चक्क स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. रोहित शर्माही याच लाड सरांच्या हाताखाली वाढला. 2022 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पोराचा दिवस प्रवासात जातोय, तो दमून मैदानावर येतोय, हे ओळखणं म्हणजेसुद्धा कोचिंग.

याच मापाने मला गोल्फ कोर्सवरच्या कॅडींबद्दल बोलायचं आहे. चेंबूर असो की पुण्याचं येरवडा, दुसऱ्याची बॅग वाहणारा माणूस रोज शेकडो स्विंग पाहतो. कोणाचा खांदा कधी उघडतो, कोणाचं वजन मागच्या पायावर राहतं, हे त्याला लांबून कळतं. अली शेर दिल्लीला कॅडीच होता. 1991 आणि 1993 मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली. ही नजर कमावलेल्या माणसाला शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण क्लबांनी स्वतःच्या खर्चाने द्यावं, आणि त्याची परीक्षा समोर चुकणारा विद्यार्थी उभा करून घ्यावी.

रीतसर प्रशिक्षण मी मुद्दाम म्हणतो. शरीराच्या बाबतीत मी पूर्णपणे कागदाच्या बाजूने आहे. गोल्फ खेळणाऱ्यांच्या दुखापतींत कंबरेचं दुखणं सगळ्यात जास्त आढळतं. टायगर वूड्सच्या पाठीचे मणके 2017 मध्ये शस्त्रक्रियेने जोडावे लागले. वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजाच्या कंबरेच्या मणक्याला ताणाने बारीक तडा जातो, तो सुरुवातीला साध्या पाठदुखीसारखाच भासतो. चौदा वर्षांच्या पोराला ‘टाक अजून चार ओव्हर’ म्हणणाऱ्याला हे माहीत हवं. ‘आम्ही असेच खेळलो’ हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. ज्याला हे शिकायचं नाही त्याने मुलांना गोलंदाजी शिकवू नये, मग तो रणजी खेळलेला का असेना.

तेव्हा सरावलीतल्या, डहाणूतल्या, तलासरीतल्या आईबापांनो, पोराचं नाव घालण्याआधी एक दिवस नुसतं मैदानाच्या कडेला उभं राहा. सर दहा पोरांना एकच वाक्य सांगतात की प्रत्येकाला वेगळं, ते बघा. पाठ दुखते म्हणणाऱ्या पोराला ते बाजूला बसवतात की हिणवतात, ते बघा. मग विचारा: गेल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण सोडून गेले, आणि का? निवड झालेल्यांची नावं फलकावर असतातच. सोडून गेलेल्यांपैकी दोघा-तिघांच्या घरी स्वतः जाऊन या, घरं गावातच असतात.