खाऱ्या वाऱ्याचं कलम

मुंबईहून चिखल्याला जायला दोन जुने मार्ग आहेत. २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत येते. तिथून बोर्डीच्या रस्त्याला लागलं की नरपड मागे पडतं आणि चिखले येतं. नाहीतर अहमदाबाद महामार्गानं चारोटी नाक्यापर्यंत यायचं आणि डावीकडे डहाणूला वळायचं. अलीकडे तिसरा मार्ग निघाला आहे: घरच सोबत घेऊन निघायचं. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि ज्याला मुंबईत स्कूटर लावायला जागा नाही, असा माणूसही जुन्या मोटरहोमच्या जाहिराती वाचू लागला. नवीची किंमत ऐकून तो उठतो, जुनीची ऐकून पुन्हा बसतो, आणि तो बसला हे पाहून विक्रेता एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद पुढे सरकवतो. हा कागद, निदान चिखल्याच्या वाटेवर तरी, घेऊ नये असं माझं म्हणणं आहे. एक अपवाद आहे, तो यथावकाश.

आधी माल पाहू. आपल्याकडची जुनी मोटरहोम बहुतेक वेळा जन्मानं मोटरहोम नसते. बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, १९८७ मध्ये आणलेल्या ट्रॅव्हलरच्या कुळातली एखादी गाडी आधी काही वर्षं शिर्डी-शनिशिंगणापूर करते; मग तिच्यातली बाकं निघतात आणि पलंग, बेसिन, संडास बसतो. इंजिन एकाचं, घर दुसऱ्याचं आणि वॉरंटी विकणारा तिसराच. बिघाड झाला की पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा पहिल्याकडे, आणि तिसरा कागदाकडे. त्या कागदावर ‘मूळ रचनेत बदल केलेला नसावा’ अशी अट हमखास असते, आणि ही गाडी तर नखशिखांत बदललेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीनं करून आरसीवर चढवावा लागतो. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानकही आहे. आरसीवर अजून तेरा प्रवासी बसलेले असतील आणि आत प्रत्यक्षात डबल बेड असेल, तर वॉरंटीच काय, विम्याचा क्लेमही अडकू शकतो.

आता कागद डॅशबोर्डवर ठेवून निघू. दहिसरपासून तलासरीपर्यंत महामार्गावर काँक्रीटचा थर चढवायचं काम २०२४ मध्ये सुरू झालं, तेव्हा वाहनांच्या रांगा कशा लागत हे पालघर जिल्ह्याला सांगायला नको. अशा रांगेत घराएवढं वजन घेऊन इंचाइंचानं सरकताना पहिला बळी जातो क्लचप्लेटचा, खड्ड्यांत शॉकअपचा, बुशांचा. कागदात हे सगळं ‘झीज’ या सदरात बसतं, आणि झीज वगळलेली असते. चारोटीहून डहाणूला येईपर्यंत स्वयंपाकघराच्या कपाटांच्या बिजागऱ्या सैल होतात. ते ‘फर्निचर’, तेही वगळलेलं. अखेर चिखल्याला सुरूच्या बनाआड गाडी लागते. समोर समुद्र, शुद्ध हवा, माणूस खूश. पत्रा मात्र खूश नसतो, कारण त्या शुद्ध हवेत मीठ असतं. छपरावर चढून एसीच्या कडेनं मारलेली सीलंटची रेघ नीट पाहा. तिच्यावर सुरूच्या सुया साठतात, ओल धरतात, रेघेला केसाएवढी चीर जाते. पहिल्या पावसात पाणी प्लायखाली शिरतं आणि गादीला वास येऊ लागतो तेव्हा कळतं. गंज, गळती, बुरशी, हवामानाचा परिणाम: कागदावर हे चारही शब्द सापडतात, पण वगळलेल्यांच्या यादीत. वाळूचं तर विचारूच नका. खंबातच्या आखाताजवळच्या या पट्ट्यात भरती-ओहोटीतला फरक मोठा. ओहोटीला समोर मैदान दिसतं, त्यावर गाडी घालायचा मोह होतो आणि रुतलेली गाडी भरतीआधी ओढायला ट्रॅक्टर शोधावा लागतो. त्याचं भाडं कुठलीही वॉरंटी देत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: इंजिन बसलं तर? तो खर्च मोठा, हे कबूल. मग हिशेबच मांडू. समजा, दोन वर्षांच्या कागदाचे ६०,००० रुपये, आणि दर क्लेमला पहिले ५,००० आपले. म्हणजे या दोन वर्षांत, वगळलेल्या यादीबाहेरच्या भागांवर, निदान ६५,००० चं काम एका दमात निघालं तरच आपण बरोबरीला येणार. दोन वर्षं कॅलेंडरवर मोजली जातात, किलोमीटरवर नाही. आणि मोटरहोम वर्षाचे बहुतेक दिवस बिल्डिंगच्या आवारात उभी राहून शेजाऱ्यांशी भांडणं लावते. उभ्या गाडीची बॅटरी मरते, टायर तडकतात, रबर सुकतं. इंजिन क्वचित मरतं. शिवाय बंद पडलीच तर ट्रॅव्हलरचं डिझेल इंजिन खोलणारा मेकॅनिक डहाणू-बोर्डीच्या रस्त्यावरही भेटतो. पण अधिकृत वर्कशॉपची आगाऊ मंजुरी नसताना त्यानं पाना लावला, की वॉरंटी संपली. आणि अशा गाड्या चिखल्यात बंद पडतात त्या रविवारी.

दुसरा आक्षेप मनःशांतीचा: कागद हाती असला की घोर नाही. पण शब्द देणारा कोण, तेही पाहा. इथल्याच घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तो विकणारा फळ पिकेल एवढंच सांगतो, टिकेल असं सांगत नाही. वॉरंटीवाल्याचं नेमकं उलटं असतं. तिसरा आक्षेप: अमेरिकेत लोक घेतात. घेऊ देत. तिथल्या मोटरहोमच्या भिंती मोटरवर बाहेर सरकतात, खाली हायड्रॉलिक जॅक असतात आणि मेकॅनिकची मजुरी तासावर डॉलरमध्ये लागते. आपल्याकडे पाण्याचा पंप बाजारात मिळतो आणि बसवणारा चहा घेऊन काम करतो. चौथा, कायद्याचा: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. येतेच. पण ८,००० रुपयांच्या नाकारलेल्या क्लेमसाठी तारखांना जाणारा माणूस मोटरहोम घेऊन भटकायला वेळ कुठून काढणार?

अपवाद असा: योजना मूळ चेसिस बनवणाऱ्या कंपनीची असेल, इंजिन-गिअरबॉक्सचं काम कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालेल, आणि आरसीवर चढवलेला बदल मान्य असल्याचं ती लेखी देत असेल, तर बेलाशक घ्या. तोंडी ‘हो साहेब, सगळं कव्हर आहे’ धरू नका. नाहीतर ते ६०,००० वेगळ्या खात्यात टाका. त्यातले थोडे गाडी घेण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला द्या आणि त्याला गाडीखाली झोपवा. थोडे चेसिसच्या गंजरोधक कोटिंगला ठेवा. गाडी बघायला शक्यतो जुलैत जा, शिडी मागा आणि छपरावर चढा. विक्रेता शिडी नाही म्हणाला, तर सरळ लोकलनं डहाणूला या.