भन्साळीसाहेब, आता आमच्या बाजीरावाकडेही बघा!

प्रति,
श्री. संजय लीला भन्साळी,
मुंबई.



पत्र केळापूरहून लिहितो आहे. यवतमाळ जिल्हा, नागपूर-हैदराबाद रस्ता, जगदंबेचं देऊळ, एवढी खूण पुरे. तालुका आमच्या गावाच्या नावाचा, पण तहसील कचेरी, बाजारपेठ, वर्दळ सगळी शेजारच्या पांढरकवड्यात. नाव एकाचं आणि थाट दुसऱ्याचा. ही रीत तुम्हाला समजावून सांगायला नको. 'बाजीराव मस्तानी'च्या श्रेयनामावलीत ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीचं नाव होतं; पुढचे अडीच तास थाट सगळा तुमचा होता.

तुमचा सिनेमा १८ डिसेंबर २०१५ला लागला. आमच्याकडे ते कापूस वेचणीचे दिवस. तरी माझ्या काकूंनी हट्ट धरला. 'राऊ' १९७२ साली आली. काकूंकडची प्रत इतकी वाचलेली की तिची दोनदा बांधणी झाली आहे. तेव्हा दीडशे किलोमीटरचा प्रवास करून आम्ही नागपूर गाठलं. काकूंनी पिशवीत दशम्या घेतल्या होत्या आणि रडायला एक जास्तीचा रुमाल.

रुमाल कोरडाच परत आला, साहेब.

'पिंगा' सुरू झाला तेव्हा काकू माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "काशीबाईचा पाय तं दुखत होता ना रे? मंग हे नाचून कशी राह्यली?" मी म्हटलं, सिनेमात औषधपाणी चांगलं असतं. काकूंना पटलं नाही. पेशव्यांच्या वंशजांनाही पटलं नव्हतं. त्यांनी तेव्हा जाहीर हरकत घेतली होती. माझं म्हणणं त्यांच्याहून साधं आहे. घराण्याची अब्रू घराण्याने पाहावी. मी वाचक आहे, मला गोष्टीची काळजी. काशीबाई आणि मस्तानी एकाच ठेक्यावर, एकसारखी नऊवारी नेसून, हातात हात घालून नाचू शकत असतील, तर मग भांडण उरलं कुठे? दोघींचं इतकं जमत असताना तो बिचारा बाजीराव कशापायी झुरून मेला?

'राऊ'ची सगळी जादू न बोललेल्या गोष्टींत आहे. वाड्यात माणसं एकमेकांसमोर बसतात, पानसुपारी होते, मोहिमांच्या गोष्टी निघतात, पण मूळ विषय कोणी काढत नाही. राधाबाईंचं त्यांच्या जागी बरोबर, चिमाजी अप्पांचं त्यांच्या जागी बरोबर, आणि म्हणूनच मधल्या माणसाला सुटका नाही. तुम्ही या कोंडीला खिडक्या पाडल्या, खिडक्यांना पडदे लावले, पडद्यांमागे समया लावल्या आणि उरलेल्या भिंतींवर आरसे बसवले. इतके आरसे, की मस्तानी नाचताना नक्की कुठल्या मस्तानीकडे पाहायचं ते कळेना.

आणि तुमचा बाजीराव! आमच्या माहितीतला बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या कणसं हातावर चोळून दाणे खाणारा. जड तोफा आणि बाजारबुणगे मागे टाकायचे, हलक्या घोडदळानिशी शत्रूच्या आधी पोचायचं, ही त्याची लढाई. १७२८ साली पालखेडला त्याने निजामाचा तोफखाना तसाच ठेवला आणि पाणी तेवढं तोडलं. असा माणूस तुमच्या हाती लागला आणि तुम्ही त्याला 'मल्हारी'वर नाचवलात. दाणे चोळून खायला किती वेळ लागला असता? पाच सेकंद. सेटही लागला नसता.

एवढं लिहिलं तरी कृतघ्न नाही. तन्वी आझमींच्या राधाबाई पडद्यावर आल्या की आमच्या रांगेतली पोरंसुद्धा पाय खाली घेऊन बसत होती. काशीबाई नवऱ्याला आपल्या महालात पुन्हा येऊ नका असं सांगते, तो प्रसंग तर इनामदारांनीही मान डोलावून पाहिला असता. काकूंचा हात तिथे एकदा पिशवीत गेला होता. त्या प्रसंगात कोणी नाचत नव्हतं, एवढंच निदर्शनास आणतो. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार तुम्हाला मिळाला. त्यातला थोडा वाटा या दोन बायकांचा समजावा.

आता मूळ कामाचं. तुम्हाला दुसरा बाजीराव हवा असेल तर तो आमच्याकडे आहे. इनामदारांनी त्याच्यावरही 'मंत्रावेगळा' लिहून ठेवली आहे, म्हणजे नाव द्यायला पुस्तक तयार. हा काशीबाईंचा सख्खा नातू, रघुनाथरावांचा मुलगा. लोक त्याला पळपुटा म्हणतात. १८१८च्या फेब्रुवारीत अष्टीला त्याचे सेनापती बापू गोखले पडले, आणि हा नागपूरकरांच्या मदतीच्या आशेने विदर्भात शिरला. वर्धा नदीवर इंग्रजांनी वाट अडवली. एप्रिलमध्ये आमच्या पांढरकवड्याजवळ कर्नल अॅडम्सने त्याला गाठलं आणि मोडलं. जूनमध्ये तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालाना आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला गेला. आजोबा एक लढाई हरले नाहीत, नातवाने एक मुक्काम टिकवला नाही.

आमच्या अटी थोड्या आहेत. एप्रिलात इथे शेतं रिकामी असतात, ऊन डोळ्यांपुढे नाचतं. तेव्हा वेगळी नर्तिका नको. आरसेमहाल उभारायचाच असेल तर टिपेश्वरच्या जंगलापासून लांब उभारा, वाघाला स्वतःच्या एवढ्या प्रतिमा पाहायची सवय नाही. पळणाऱ्या फौजेच्या अंगावर जरी नको, धूळ चालेल. ती आमच्याकडून फुकट. आणि हरलेल्या माणसाला शेवटी नदीत उभं करून हवेत तलवार फिरवायला लावू नका. हा बाजीराव त्यानंतर तेहतीस वर्षं जगला. हरल्यावर तेहतीस वर्षं काय करायचं असतं, हे दाखवणं नाचापेक्षा अवघड आहे. जमेल का, ते तुम्हीच ठरवा.

मुहूर्ताचा नारळ जगदंबेपुढे फोडू. दशम्या काकूंकडून.

कळावे, लोभ असावा.

आपला,
केळापूरचा एक प्रेक्षक

ता. क. : परतीच्या एसटीत काकूंनी वाचकांसाठी एक निरोप दिला होता, तो इथे नोंदवतो. मस्तानीच्या मुलाची मुंज पुण्याच्या ब्राह्मणांनी होऊ दिली नाही. तो समशेर बहादूर १७६१ला त्याच पेशव्यांसाठी पानिपतावर लढला आणि त्या जखमांनी सत्ताविशीत गेला. काशीबाईंचा नातू आमच्या शिवारातून पळाला. यातलं काय खरं प्रेम आणि काय नुसता वारसा, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने आधी 'राऊ' वाचावी. सिनेमा नंतर पाहिला तरी चालेल. नाही पाहिला तरी काही अडत नाही.