ढवळाढवळ न करणारा माणूस

हाँगकाँगच्या जुन्या वस्त्यांत, शाम शुई पोसारख्या भागात, भाजी-मासळीच्या बाजाराला लागून अजूनही अशी दुकानं आहेत की मागच्या अर्ध्या भागात सोयाबीन दळलं जातं आणि पुढच्या अर्ध्या भागात ते खाल्लं जातं. टोफूच्या ओल्या वड्या, तळलेले पोकळ गोळे, माशाचा खिमा भरून तव्यावर परतलेले चौकोन, बाटल्यांतलं सोयादूध असं सगळं तिथे मिळतं. पण माणसं टेकतात ती दाउफूफासाठी. ताज्या सोयादुधाचं नुकतंच धरलेलं, चमच्यावर थरथरणारं हे गोड प्रकरण. खरवस आठवावा आणि त्यातून वेलची, जायफळ आणि गाईचं अगत्य वजा करावं, की साधारण अंदाज येतो. वर आल्याचा पाक, नाहीतर टेबलावरच्या बरणीतली तांबूस साखर. हा वाडगा ज्याच्या हातून मिळतो तो दुकानाचा मालक, साठीच्या आसपासचा, बनियनवर एप्रन, पायांत गमबूट, हा इथला विषय आहे. गिऱ्हाइकं त्याला लोउसाय, म्हणजे शेठ, म्हणतात आणि बाहेर पडल्यावर तुसडा म्हणतात. माझं म्हणणं असं की ही नोंद चुकीच्या खात्यावर पडलेली आहे. जो दोष आपण त्याच्या स्वभावाला चिकटवतो तो त्याच्या पाककृतीतला आहे, आणि तिथे तो दोष नाही.

आधी आरोपपत्र पाहू. तुम्ही आत शिरलात की तो तुमच्याकडे बघत नाही, रिकाम्या स्टुलाकडे बघतो. ते स्टूल बहुधा दुसऱ्याच कुणाच्या टेबलाशी असतं, कारण छोट्या खानावळींत अनोळखी माणसांनी एकाच टेबलाशी बसायचं हा हाँगकाँगचा रिवाज आहे, आणि आधी बसलेल्याने मान वर करायची नाही हाही. मग एक प्रश्न येतो: गरम की गार? आपल्याकडून सहलीला गेलेली शाकाहारी मंडळी इथे हमखास अडतात. यात अंडं नाही ना, जिलेटिन नाही ना, दूध गाईचं नाही ना, आणि त्या मासळीच्या टोफूची पळी याला लावत नाही ना, असे चार रास्त प्रश्न ती विचारतात आणि उत्तरादाखल वाडगा येतो. वाडग्यात सोयाबीन, पाणी, चिमूटभर जिप्सम, कधी थोडं पीठ आणि साखर एवढंच असतं. म्हणजे चारांपैकी तीन प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतात, फक्त ती दिलेली नसतात. चौथ्याचं न दिलेलंच बरं. पैसे घेताना तो तुम्हाला लेंगजाय, म्हणजे देखणा पोरगा, म्हणतो. पण रांगेतल्या ऐंशीच्या आजोबांनाही तो तेच म्हणत असल्यामुळे आरसा शोधण्याचं कारण नाही. मराठी वाचकाला इथे पुणं आठवेल, पण ती तुलना टिकत नाही. पाटी लिहायला भाषेची हौस लागते. पुणेरी पाटी हे शेवटी वाचणाऱ्याशी काढलेलं बोलणंच असतं. हा माणूस पाटी लावत नाही. लावली तर लोक ती वाचत उभे राहतील.

आता तो दिवसभर काय करतो ते पाहू. सोयाबीन रात्रभर भिजतं, पहाटे पाण्यासकट दळलं जातं, फडक्यातून गाळलं जातं, चोथा बाजूला होतो आणि दूध चुलीवर चढतं. (लातूरच्या बाजारात ज्याच्या भावावरून दर हंगामात डोकी तापतात तोच हा दाणा. आपण त्याचं तेल काढतो, पेंड जनावरांना घालतो किंवा परदेशी धाडतो, आणि खायचं म्हटलं की नाक मुरडतो.) सोयादुधाची पहिली खोड ही की ते उकळण्याआधीच उकळल्याचं सोंग आणतं. उकळीला बराच अवकाश असताना त्यावर असा फेस चढतो की नवखा माणूस आच बंद करून मोकळा होतो, आणि कच्चं राहिलेलं दूध पिणाऱ्याचं पोट बिघडवतं. ज्याला रोज पहाटे एक पांढरंशुभ्र पातेलं तोंडावर खोटं बोलतं, त्याने दिवसभर समोर येणाऱ्या हसऱ्या चेहऱ्यांवर किती विश्वास ठेवावा? पण ही नुसती पूर्वतयारी. खरा संस्कार पुढे होतो. मोठ्या बादलीच्या तळाशी जिप्सम पाण्यात कालवून ठेवतात. गणपतीच्या मूर्तींवरून आपल्याकडे दर वर्षी ज्याचा वाद रंगतो त्या प्लास्टर ऑफ पॅरिसचा हा सख्खा भाऊ, पण खाण्याजोग्या शुद्धतेचा. त्यावर ऐंशी-पंच्याऐंशी अंशांचं दूध उंचावरून, एका दमात ओतायचं. मिसळायचं काम त्या धारेच्या जोरानेच व्हायला हवं. नंतर पळी घालायची सोय नाही. वरचा फेस काढला, झाकण ठेवलं, की दहा-पंधरा मिनिटं बादलीला हात लावायचा नाही, धक्का लावायचा नाही, झालं का म्हणून झाकण उचलून बघायचं नाही. आत प्रथिनांचं जाळं विणलं जात असतं. मध्येच कुणी ढवळलं तर ते तुटतं, पाणी सुटतं, आणि तुटलेलं पुन्हा सांधत नाही.

बहुतेक स्वयंपाक माणसाला लुडबुड शिकवतो. ढवळा, परता, चव बघा, मीठ घाला, पुन्हा चव बघा, शेजारणीला चाखायला द्या. आमटी बिघडली तर सावरता येते, आणि सावरता येतं म्हणूनच स्वयंपाकघरात गप्पा चालतात. दाउफूफात सगळं कर्तृत्व पहिल्या काही सेकंदांत संपतं. पुढचं काम म्हणजे स्वतःला आवरणं. हे दिवसातून अनेकदा, आणि सारी हयात केलेल्या माणसाचं जगाविषयी एक मत बनतं: करायचं ते एकदाच, नीट, आणि मग बाजूला व्हायचं. गिऱ्हाइकालाही तो हाच नियम लावतो. एकदा विचारतो, एकदा वाढतो, नंतर तुमच्या वाटेला जात नाही. आवडलं का, आणखी काही हवं का, कुठून आलात, मुलं किती, ही त्याच्या लेखी झाकणं आहेत. ती उचलायची नसतात.

वाढण्यातही हीच शिस्त. खोल डाव चालत नाही, उथळ चपटी पळी लागते. तिने पृष्ठभागावरून पातळ पापुद्रे अलगद उचलून वाडग्यात एकावर एक निजवायचे. खोल खुपसलं की बादलीला जखम होते, जखमेतून पाणी पाझरतं, आणि मागून येणाऱ्याच्या वाटणीला पांचट वाडगा येतो. म्हणून पळी हातात असताना तो कुणाशी बोलत नाही. आणि पळी हातात नसते केव्हा? एरवी निर्विकार असलेल्या या चेहऱ्यावर भावना उमटलेली बघायची असेल तर एकच उपाय आहे. साखर घालून वाडगा चमच्याने गरागरा फिरवावा. तो काही बोलणार नाही. पण शेजारी बसलेले आजोबा, जे आतापर्यंत तुमच्या अस्तित्वाची दखल घेत नव्हते, ते आपलं स्टूल जरा लांब सरकवतील.

यावर पहिला आक्षेप साधा आहे: माणूस दमलेला असतो, रसायनशास्त्र कशाला आणता? चिनी म्हणीत आयुष्यातली तीन कष्टाची कामं सांगितली आहेत: नाव वल्हवणं, लोखंड ठोकणं आणि टोफू दळणं. त्यात स्वस्त वाडगा, मोजकी स्टुलं आणि हाँगकाँगचं भाडं, म्हणजे कुणीही चिडेल. पण थकवा तास बघून येतो. हा दमल्याचा परिणाम असता तर सकाळी सातला त्याने चार शब्द जास्त बोलायला हवे होते आणि संध्याकाळी खेकसायला हवं होतं. हा सकाळ-संध्याकाळ एकाच तापमानाला असतो, आणि खेकसत तर नाहीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो फिलिपिन्समधून येतो. तिथे हाच पदार्थ ताहो नावाने विकतात, काकवीसारख्या पाकात साबुदाणे घालून. ताहोवाला कावडीला दोन ॲल्युमिनियमचे डबे टांगून सकाळी गल्लोगल्ली फिरतो, ‘ताहोऽऽ’ अशी लांबवर जाणारी हाळी देतो, पोरांशी थट्टा करतो. पदार्थ तोच, मग हा माणूस मोकळा कसा? उत्तर त्याच्या डब्यात आहे. तो घराबाहेर पडतो तेव्हा ताहो धरून झालेला असतो. धाकधुकीची घटका पहाटेच सरली. आता उरलं ते विकणं, आणि विकायला गळा लागतो. आपल्या लोउसायच्या दुकानात मात्र एक बादली पुढे संपत असते तेव्हा दुसरी मागे धरत असते. त्याचं अर्धं लक्ष कायम झाकणाखाली असतं. तुमच्याशी तो तुटक बोलतो असं तुम्हाला वाटतं, कारण तुमच्या वाटणीला त्याचं उरलेलं अर्धंच लक्ष येतं.

साहित्याचे जाणकार इथे लू शुनला साक्षीला उभं करतील. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘माझं जुनं घर’ या अर्थाच्या कथेत यांग वहिनी भेटते, जिला गावाने ‘टोफूवाली शी-श’ असं नाव ठेवलेलं असतं. शी-श ही प्राचीन काळातली ख्यातनाम लावण्यवती. ही बाई तर तोंडाचा पट्टा थांबवत नाही, निवेदकाला टोमणे मारते, आणि जाताना त्याच्या आईचे हातमोजे कमरेला खोचून नेते. टोफूच्या धंद्यातली माणसं अबोल असतात हे मग कसं मानायचं? पण कथा नीट वाचली तर साक्षीदार उलटतो. ती बडबडते ते वीसेक वर्षांनी, दुसऱ्याच्या घरी. निवेदकाच्या लहानपणी ती समोरच्या टोफूच्या दुकानात पावडर लावून दिवसभर नुसती बसून असायची, आणि तिच्यामुळे दुकान जोरात चालायचं. लू शुनला सांगायचं होतं ते गरिबी माणसाचं काय करते हे, आणि ते टोफूपेक्षा फार मोठं आहे. तरी आपल्यापुरता मुद्दा सुटतो: काउंटरमागे असेतो ती गप्प होती.

आणखी पुरावा हवा असेल तर बदललेल्या दुकानांकडे बघावं. जिप्समऐवजी ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन नावाची पूड आली आहे. ती गार दुधात मिसळून मग तापवता येते, सावकाश काम करते, चुकायला फारसा वाव ठेवत नाही. सिंगापुरात २०१० च्या सुमारास जेलीसारख्या गार, प्लास्टिकच्या डब्यातल्या प्रकाराची लाट आली आणि त्याच्यासाठी रांगा लागल्या. हा प्रकार फ्रिजमध्ये टिकतो, पिशवीतून हलवला तरी मोडत नाही. आणि जिथे बिघडण्याची भीती गेली तिथे काउंटरमागे गणवेश आला, हसू आलं, आठवडाभराची खास चव आली. यापलीकडे सिद्ध काय करायचं? तो डबा चवीला वाईट असतो असं मी म्हणणार नाही. सोयीचा असतो, आणि सोयीच्या वस्तू विकणारी माणसं बोलकी असतात.

राहता राहिला आजच्या काळाचा आक्षेप: हे सगळं आता सोंग आहे. हाँगकाँगच्या मिशलिन मार्गदर्शिकेने २०१६ च्या आवृत्तीपासून रस्त्यावरच्या खाण्याला वेगळी जागा दिली, असल्या साध्या दुकानांतही परदेशी पाहुणे फोटो काढायला येऊ लागले, आणि काहींना वाडग्याबरोबर अस्सल उर्मटपणाही हवा असतो. मागणी तसा पुरवठा. यात तथ्य नाही असं नाही. दुकानदाराला आपली कीर्ती कळत नाही असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. पण सोंगाला प्रेक्षक लागतो, आणि हा माणूस प्रेक्षकाकडे बघत नाही. त्याचे चाहते उलट टोकाला जाऊन ‘तोंड सुरीचं, काळीज टोफूचं’ ही चिनी म्हण त्याला लावतात. तीही मला बसत नाही. सुरी तो टोफूच्या वडीलाच लावतो, माणसाला नाही. आणि आतून तो मऊ आहे की नाही हे पाहायचं तर झाकण उचलावं लागेल.

अशा दुकानांत हल्ली एक नवं दृश्य दिसतं. मालकाची मुलगी, मार्केटिंग शिकलेली, काउंटरवर उभी असते. इंग्रजी मेन्यू तिने केलेला असतो, काळ्या तिळाचा आणि हिरव्या चहाचा दाउफूफा तिने आणलेला असतो, अंड्याचा प्रश्न विचारला तर ती सविस्तर उत्तर देते, आणि चमचा खाली ठेवताच कसं वाटलं म्हणून विचारते. माझा सगळा युक्तिवाद तिच्यापाशी कोसळतो असं वरवर वाटेल: तेच दुकान, तीच बादली, आणि ही हसरी मुलगी. पण दूध ओतायची वेळ झाली की म्हातारा आतून येतो, तिला हाताने बाजूला करतो आणि स्वतः ओततो. ते काम त्याने अजून तिच्याकडे दिलेलं नाही.